ओ-रिंगची खाच

ओ-रिंगची खाच किंवा ग्रूव्ह म्हणजे दोन पार्टच्या जोडात रबरी रिंग बसावी म्हणून एका पार्टमध्ये कापलेली चौकोनी सेक्शनची जागा. लीकेज झालं की आधी रिंग बदलतात, पण घोळ बरेचदा खाचेतच असतो. संशोधक नील्स क्रिस्टेन्सनला अमेरिकेत १९३९ साली मिळालेलं पेटंटसुद्धा नुसत्या रिंगचं नव्हतं, खाचेत बसलेल्या रिंगचं होतं.

रबर दाबलं की त्याचा आकार बदलतो, आकारमान जवळपास तेवढंच राहतं. म्हणून खाच रिंगच्या जाडीपेक्षा उथळ पण रुंद लागते, आणि नवखा डिझाइनर नेमका इथेच फसतो, रिंग ३.५३ मिमी जाडीची म्हणून रुंदीही तेवढीच धरतो. या रिंगला स्थिर जोडात खोली २.८५ मिमीच्या आसपास म्हणजे रिंग साधारण १९ टक्के दाबली जाते, आणि रुंदी ४.८ मिमी धरली तर खाच ७१-७२ टक्के भरते, उरलेली जागा लागतेच कारण तेलात रबर फुगतं आणि तापल्यावर स्टीलपेक्षा कितीतरी जास्त प्रसरण पावतं. सरकणाऱ्या पिस्टनला रिंग कमी दाबायची, नाहीतर घर्षणाने रिंग लवकर झिजते.

प्रेशर आलं की रिंग खाचेच्या पलीकडच्या भिंतीला रेटली जाते, तिथे दोन पार्टमधली फट मोठी असेल तर रबर त्यात घुसून कुरतडलं जातं. ७० शोअर कडकपणाच्या रबराला साधारण १०० बारच्या वर बॅकअप रिंग (रबराला फटीत घुसू न देणारी कडक आधाराची रिंग) देतात, ती कमी प्रेशरच्या बाजूला. २८ जानेवारी १९८६ ला अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान कोसळलं त्याबद्दल थंडीने कडक झालेलं रबर सगळ्यांना आठवतं, पण चौकशी आयोगाने बूस्टर रॉकेटच्या, ओ-रिंग बसवलेल्या जोडाच्या डिझाइनलाही दोष दिला होता, रॉकेट पेटताच आतल्या प्रेशरने जोड वाकून फट वाढायची आणि गारठलेली रिंग तेवढ्या वेगात ती भरून काढू शकली नाही.

फिनिश, म्हणजे पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा, स्थिर जोडाला १.६ मायक्रॉन आरए (सरासरी खडबडीतपणा) चालतं, सरकत्या पृष्ठभागाला ०.४ च्या आत हवं. खाचेच्या कडांचा बर (कापताना राहिलेली धातूची धारदार कड) काढायचा, आणि रिंग ज्या तोंडातून आत जाते तिथे १५ ते २० अंशांचा चॅम्फर म्हणजे तिरका उतार द्यायचा. ड्रॉइंगवर हा चॅम्फर विसरला तर असेंब्ली करतानाच रिंग कापली जाते आणि टेस्टिंगला लीकेज दिसेपर्यंत कुणाला पत्ता लागत नाही.