‘परस्पर अपवर्जी’ आणि ‘स्वतंत्र’ घटना एकच असतात का?

संभाव्यता शिकवताना माझी गाडी दरवर्षी एकाच जागी अडते. ह्या दोन घटना परस्पर अपवर्जी आहेत का स्वतंत्र, असं विचारलं की निम्मी पोरं म्हणतात, सर ते एकच ना, वेगळे म्हणजे स्वतंत्रच झाले. पोरांचं तरी काय चुकलं, आपल्याकडे भाऊ वेगळा निघाला म्हणा नाहीतर स्वतंत्र राहायला लागला म्हणा, अर्थ तोच. गणितात मात्र हे दोन शब्द जवळजवळ उलटे आहेत.

भुसावळ जंक्शनचंच घ्या. जळगावकडून आलेली गाडी पुढे निघाली तर खंडव्याच्या लाईनला लागेल नाहीतर अकोल्याच्या, एकच गाडी एकाच वेळी दोन्हीकडे काही जाणार नाही. म्हणजे ‘खंडव्याकडे गेली’ आणि ‘अकोल्याकडे गेली’ ह्या परस्पर अपवर्जी, एक घडली की दुसरीचा विषयच संपला. आता त्याच प्लॅटफॉर्मवर तुम्ही नाणं उडवलं अन् छापा पडला, तर गाडी कुठल्या लाईनला जाईल हे त्यावरून काही कळतं का? काहीच नाही. ह्या झाल्या स्वतंत्र घटना, आणि बघा, ह्या दोन्ही सोबत घडू शकतात. अपवर्जीमध्ये एक घडली की दुसरीचं सगळं कळतं, स्वतंत्रमध्ये काडीचंही कळत नाही.

आता फासा घ्या, कारण खरी गंमत इथे आहे. ‘सम संख्या’ म्हणजे २, ४, ६, संभाव्यता १/२. ‘३ ने भाग जाणारी’ म्हणजे ३ आणि ६, संभाव्यता १/३. दोन्हीत बसतो फक्त ६, म्हणजे १/६, आणि १/२ गुणिले १/३ पण १/६ च येतं. दोन्ही सोबत घडण्याची संभाव्यता अशी गुणाकाराइतकीच आली की घटना स्वतंत्र, म्हणून ह्या स्वतंत्र. एकच फासा, एकदाच टाकलाय, तरी स्वतंत्र! म्हणून नुसतं बघून ठरवू नका रे, गुणाकार करून बघा. ‘सम’ आणि ‘५ पडणं’ मात्र अपवर्जी, दोन्ही सोबत घडण्याची संभाव्यता शून्य, पण १/२ गुणिले १/६ म्हणजे १/१२ येतो, म्हणजे स्वतंत्र नाहीत. दोन्ही घटनांची संभाव्यता शून्यापेक्षा जास्त असेल तर अपवर्जी घटना कधीच स्वतंत्र नसतात.

अन् प्रत्येक जोडी ह्या दोनपैकी एकात बसलीच पाहिजे असंही नाही. बऱ्हाणपूरकडे धो धो पाऊस पडणं आणि तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडणं, दोन्ही सोबत घडतं म्हणून अपवर्जी नाही, आणि तापीचं पाणी तिकडूनच येतं म्हणून स्वतंत्रही नाही.

पोरं पाठ करतात, ‘किंवा’ आलं की बेरीज, ‘आणि’ आलं की गुणाकार. मार्क इथेच जातात. सरळ बेरीज फक्त अपवर्जीला चालते अन् सरळ गुणाकार फक्त स्वतंत्रला. फाश्यावर ‘सम किंवा ३ पेक्षा मोठी’ विचारलं तर १/२ अधिक १/२ करून उत्तर १ येतं, म्हणजे हे घडणारच, आणि १ किंवा ३ पडला तर? ४ आणि ६ दोनदा मोजले गेले, ते २/६ एकदा वजा करा, उत्तर ४/६.