खुब्याच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेनंतरचे पुनर्वसन

खुब्यात दोन-तीन बारीक छिद्रांतून दुर्बीण व हत्यारे घालून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर ताकद, तोल आणि हालचाल परत मिळवण्याची, काही महिने चालणारी उपचारपद्धती. शस्त्रक्रियेत बहुधा सांध्याच्या वाटीभोवतीचे फाटलेले कूर्चेचे कडे (लॅब्रम) शिवतात आणि घासणारे वाढीव हाड तासतात. न्यूयॉर्कच्या मायकेल बर्मन यांनी १९३१ मध्ये मृतदेहांच्या खुब्यात दुर्बीण घालून पाहिल्याचे वर्णन केले. मात्र या शस्त्रक्रियेचा प्रसार गेल्या काही दशकांतला. बेळगाव, खानापूर, निपाणी भागात आजही ‘खुब्याचं ऑपरेशन’ म्हटले की लोक सांधा बदलल्याचेच समजतात आणि सांधा बदललेल्या आजीचे पथ्य तरुण पैलवानाला सांगतात. दोन्हींचे नियम वेगळे आहेत.

पहिले दोन ते चार आठवडे कुबड्या लागतात. पाऊल पूर्ण टेकवायचे, पण भार थोडाच द्यायचा. कूर्चा झिजलेल्या जागी हाडाला छिद्रे पाडली असतील तर ही मुदत सहा ते आठ आठवड्यांवर जाते. या काळात खुबा साधारण ९० अंशांपलीकडे वाकवू देत नाहीत आणि पाय बाहेरच्या बाजूला फिरवण्यावरही मर्यादा असते. जागच्या जागी फिरणारी सायकल सीट उंच करून, विनाओझे चालवायला लवकर देतात. गुडघा ताठ ठेवून पाय वर उचलण्याचा व्यायाम मात्र सुरुवातीला टाळतात, कारण त्याने जांघेतला स्नायू चिडतो. घरी हौसेने नेमका हाच व्यायाम केला जातो! शस्त्रक्रियेवेळी पाय ताणून धरल्यामुळे जांघेत किंवा मांडीवर बधिरपणा येऊ शकतो. तो बहुधा आपोआप ओसरतो. पोटरी सुजून दुखणे, ताप येणे किंवा जखमेतून पाणी येणे याला मात्र थांबायचे नसते. त्याच दिवशी डॉक्टर गाठावा.

दुखणे गेले म्हणजे खुबा बरा झाला, हा समज सर्वांत महागात पडतो. शस्त्रक्रिया झालेल्या एका पायावर उभे राहिल्यावर दुसरीकडची कंबर खाली झुकत असेल, तर त्या पायाच्या कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू अजून कमजोर आहे. अशा वेळी कुबड्या टाकल्या की लंगडण्याची सवय लागते आणि ती मोडायला फार वेळ जातो. कुशीवर झोपून पाय उचलणे, उताणे झोपून कंबर उचलणे, मग पायरी चढणे अशा क्रमाने हा स्नायू बांधतात.

परदेशी वेळापत्रकांत खुर्ची आणि जिना असतो. इथले जगणे जमिनीवरचे. निपाणीकडे मांडीवर सूप घेऊन तासन् तास विड्या वळणाऱ्या बाईला खुबा वाकवून बाहेर फिरवावा लागतो. भारतीय शौचालयात आणि चुलीपुढे उकिडवे बसताना तो पूर्ण वाकतो. खानापूरच्या भातलावणीत वाकलेल्या कमरेने चिखलातून पाय उपसावा लागतो. म्हणून फिजिओथेरपिस्टला ‘चालता येईल का?’ एवढेच न विचारता आपले काम करून दाखवावे. सुरुवातीला उंच कमोड किंवा कमोडची खुर्ची, पाटाऐवजी खाट आणि पावसाळ्यात कुबड्यांच्या टोकांना नवे रबर, एवढी तजवीज केली तरी बरेच निभते. मांडी घालणे नंतर, एकेक पाय करत, उशीवर बसून परत आणतात.

धावणे साधारण तीन महिन्यांनंतर आणि झटापटीचे खेळ बहुधा चार ते सहा महिन्यांनी सुरू होतात. त्याआधी एका पायावर उडी मारून दोन्ही बाजू ताडून पाहतात. शस्त्रक्रिया झालेल्या पायाने दुसऱ्याच्या निदान ९० टक्के अंतर गाठावे, असा सर्रास वापरला जाणारा निकष आहे. तालमीत परतणाऱ्याला आधी अर्ध्या बैठका देतात. पूर्ण बैठका आणि सपाट्या त्यानंतर, आणि जोडीदाराशी लढत सर्वांत शेवटी, तीही वस्तादाला शस्त्रक्रियेची कल्पना देऊनच.