वन्य प्राण्यांशी लढाई टाळणे (रोल-प्लेइंग गेम)

कल्पनारम्य रोल-प्लेइंग गेममध्ये (ज्यात खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो) वाटेत आडवे येणारे लांडगे, अस्वले, महाकाय कोळी यांना न मारता पुढे सरकण्याची खेळपद्धत. यात पळ काढणे, लपून निघून जाणे, प्राण्याला शांत करणे आणि मुळात गाठच पडू न देणे, हे सगळे येते.

याचे मूळ टेबलावरच्या खेळात आहे. १९७४ च्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये समोर आलेला जीव हल्ला करीलच असे नव्हते. त्याचा कल दोन फासे टाकून ठरे. शिवाय ज्यांवर पात्राची लेव्हल (पातळी) वाढते ते अनुभवाचे गुण मुख्यतः बाहेर आणलेल्या सोन्यावर मिळत, त्यामुळे अस्वलाला वळसा घालण्यात शहाणपण होते. व्हिडिओ गेमनी बहुधा मारण्यालाच गुण दिले आणि टाळणारा लेव्हलमध्ये मागे पडू लागला. याला अपवाद आहेत. 'पिलर्स ऑफ इटर्निटी'त (२०१५) एखाद्या जातीची माहितीनोंद पूर्ण झाली की ती जात मारून पुढे काहीच गुण मिळत नाहीत.

प्राणी आधी दिसतच नाहीत अशा खेळांत उपाय वस्तूंचा. 'पोकेमॉन'मधला (१९९६) रिपेल हा फवारा १०० पावलांपर्यंत टिकतो, सुपर रिपेल २००, मॅक्स रिपेल २५०. मात्र तुकडीतल्या पहिल्या पोकेमॉनपेक्षा कमी लेव्हलचे जंगली पोकेमॉनच तो दूर ठेवतो. खेळाडूंनी यातून भलतीच युक्ती काढली: नेमक्या लेव्हलचा गडी पुढे उभा करायचा, म्हणजे किरकोळ गाळले जातात आणि हवा तोच समोर येतो. टाळण्याचे औषध शिकारीची चाळणी झाले.

प्राणी दिसत असतील तर अंतर महत्त्वाचे. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्ये (२००४) ज्याचे नाव पिवळ्या अक्षरांत दिसते तो प्राणी डिवचल्याशिवाय अंगावर येत नाही. लाल अक्षरांतला येतो, पण तुमची लेव्हल त्याच्यापेक्षा जितकी जास्त तितके जवळ गेल्यावर. हिशेब चोख आहे, पण प्राणी जिवंत वाटत नाही. त्या मानाने 'गॉथिक' (२००१) सरस. तिथला स्कॅव्हेंजर हा न उडणारा मोठा पक्षी आधी मान वळवून बघतो, आवाज करून दटावतो. तुम्ही मागे सरलात तर पुन्हा चरायला लागतो. 'स्कायरिम'मधले (२०११) मॅमथ पाळणारे राक्षसही आधी इशारा देतात. तो न जुमानणारा सोट्याच्या एका फटक्यात अक्षरशः आभाळात जातो.

शांत करण्याची विद्या बहुतेक मालिकांत असते. 'स्कायरिम'मध्ये 'काइन्स पीस' ही आरोळी ठोकली की लांडगे-अस्वले काही काळ भांडण विसरतात. त्याच 'एल्डर स्क्रोल्स' मालिकेतल्या 'मॉरोविंड'मध्येही (२००२) प्राणी शांत करण्याचा मंत्र होता, तरी आकाशातून सतत झेपावणाऱ्या क्लिफ रेसर या उडत्या प्राण्यांनी खेळाडूंना इतके पिडले की त्यांना निरुपद्रवी करणारे मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) निघाले. निर्मात्यांनाही हे माहीत असावे: मालिकेतल्या पुढच्या कथेत जियुब नावाच्या पात्राने क्लिफ रेसरना त्या प्रदेशातून हुसकावून लावले आणि त्याबद्दल त्याला संतपद मिळाले.