स्वप्नातील कुत्रा

स्वप्नात दिसणाऱ्या कुत्र्याला निरनिराळ्या परंपरांनी दिलेले अर्थ आणि त्यांमागची कारणे यांचा विचार या नोंदीत केला आहे. भारतीय स्वप्नविचारात कुत्रा दुहेरी प्रतीक आहे. यमाच्या वाटेवरचा राखणदार म्हणून तो मरणाची सूचना ठरतो आणि भैरव, दत्त, खंडोबा यांच्या पायाशी बसणारा म्हणून कृपेची खूण ठरतो. ‘कुत्रा दिसला, म्हणजे काय होणार?’ या प्रश्नाला एकच एक उत्तर मिळत नाही ते यामुळेच. कुत्रा आपला होता की परका, काय करत होता, कुठल्या दिशेला नेत होता आणि स्वप्न पाहणारा धडधाकट होता की अंथरुणाला खिळलेला, हे आधी विचारावे लागते.

यमाची वाट

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील १४व्या सूक्तात यमाचे दोन कुत्रे येतात. ते चार डोळ्यांचे, ठिपकेदार, रुंद नाकाचे आणि माणसांमध्ये हिंडणारे आहेत. देवांची कुत्री सरमा हिची ही पिल्ले, म्हणून ‘सारमेय’. पण या सूक्तात त्यांची नुसती भीती नाही. ‘वाट राखणाऱ्या या दोघांच्या हाती मृताला सोपव आणि त्याचे कल्याण कर,’ अशी यमाला विनंती आहे. म्हणजे अगदी सुरुवातीलाच कुत्रा हा मारणारा नसून पोचवणारा आहे. श्राद्धात काकबळीच्या जोडीने श्याम आणि शबल या दोन श्वानांच्या नावाने जो घास काढतात, तो याच कल्पनेचा. पारशी समाजातील ‘सगदीद’ या विधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पाडतात. तिथेही डोळ्यांवर दोन ठिपके असलेला, म्हणून ‘चार डोळ्यांचा’, कुत्रा पसंत केला जातो. महाभारतात युधिष्ठिरामागे हिमालय चढणारा कुत्रा शेवटी धर्म निघतो, आणि धर्म हे यमाचेच दुसरे नाव.

दक्षिण ही यमाची दिशा. स्वप्नफलात दिशेला एवढे वजन का, ते यावरून कळते.

वैद्यकग्रंथांतील कुत्रा

या विषयातले सर्वांत नेमके लेखन ज्योतिषात नाही, ते आयुर्वेदात आहे. चरकसंहितेच्या इंद्रियस्थानातील पाचव्या अध्यायाचे नावच ‘पूर्वरूपीय’ आहे, म्हणजे रोग उघड होण्याआधीच्या खुणांचा अध्याय. त्यातला श्लोक असा :

श्वभिरुष्ट्रैः खरैर्वापि याति यो दक्षिणां दिशम् ।
स्वप्ने यक्ष्माणमासाद्य जीवितं स विमुञ्चति ॥

कुत्रे, उंट किंवा गाढवे यांच्यासह जो स्वप्नात दक्षिणेकडे जातो, तो राजयक्ष्म्याने (क्षयाने) मरतो, असा याचा अर्थ. लगेच पुढच्या श्लोकात प्रेतांबरोबर मद्य पिणारा आणि कुत्र्याकडून ओढला जाणारा माणूस येतो. त्याचा शेवट घोर ज्वराने सांगितला आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील २९व्या अध्यायात हेच वेगळ्या शब्दांत येते : ‘ज्वरितानां शुना सख्यम्’. ताप आलेल्या रोग्याने स्वप्नात कुत्र्याशी मैत्री केली, तर ते अरिष्ट, म्हणजे मृत्यूची खूण. इथे कुत्रा चावत नाही, भुंकतही नाही. त्याच्याशी सलगी झाली एवढेच पुरते. वाटेवरच्या राखणदाराशी ओळख झाली, म्हणजे वाट सुरू झाली, असे हे चित्र आहे.

हे श्लोक आज वाटेल तसे उद्धृत होतात आणि त्यातून लोक विनाकारण घाबरतात. दोन गोष्टी हमखास गाळल्या जातात. पहिली, हे सगळे रोगाबद्दल आहे. पैसा, नोकरी, शत्रू, कोर्टकचेरी यांचा इथे संबंध नाही. असे स्वप्न पाहून निरोगी माणसाला रोग होतो आणि रोग्याला मृत्यू येतो, इतकेच सुश्रुत म्हणतो. दुसरी गोष्ट चरकाने त्याच अध्यायात लावलेली चाळणी. तो स्वप्नांचे सात प्रकार करतो : पाहिलेल्या गोष्टीचे (दृष्ट), ऐकलेल्या (श्रुत), अनुभवलेल्या (अनुभूत), इच्छिलेल्या (प्रार्थित), मनाने रचलेल्या (कल्पित), पुढे घडणाऱ्या (भाविक) आणि वात-पित्त-कफाच्या बिघाडातून आलेले (दोषज). यांतले पहिले पाच निष्फळ. दिवसा पडलेले, फार लांबलेले किंवा अगदी तोकडे स्वप्नही निष्फळ. वाईट स्वप्नामागून लगेच चांगले पडले, तर फळ चांगल्याचे. आपल्याकडची ‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ ही म्हण म्हणजे या चाळणीचा घरगुती अवतारच.

ही चाळणी लावली की कुत्र्याची बहुतेक स्वप्ने गळून पडतात. गल्लीत रात्रभर कुत्री भुंकत असतील, तर तो आवाज झोपेत शिरून स्वप्नाचा भाग होतो : श्रुत. लहानपणी कुत्रा मागे लागला होता : अनुभूत. पाळलेला कुत्रा नुकताच गेला आणि तो शेपूट हलवत दारात दिसला : दृष्ट आणि प्रार्थित दोन्ही. गेलेल्या कुत्र्याचे हे स्वप्न तर शोकाचा सरळ भाग आहे. ते अशुभ समजून शांती करायला धावणे हा त्या प्रेमावर अन्याय आहे.

वैद्यांनी नेमका कुत्राच का निवडला? सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानात, सातव्या अध्यायात, पिसाळलेल्या जनावराच्या विषाचे वर्णन आहे. त्यात जलत्रास, म्हणजे पाण्याची भीती, आहे आणि असाध्यतेची एक अंगावर काटा आणणारी खूणही आहे : ज्या प्राण्याने चावा घेतला त्याचेच रूप रोग्याला पाण्यात किंवा आरशात दिसू लागले, की तो वाचत नाही. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर तो आजही जवळजवळ नेहमी प्राणघातकच ठरतो. डोळ्यांपुढे नसलेला कुत्रा दिसणे म्हणजे मृत्यू, हे समीकरण त्या वैद्यांनी रोग्याच्या उशाशी बसून पाहिलेले असणार.

ग्रीक परंपरेतही कुत्रा आणि ताप यांची जोडी सापडते, पण कारण निराळे. इ.स.च्या दुसऱ्या शतकातील स्वप्नपंडित आर्तेमिदोरस याच्या मते कुत्रा ताप सुचवतो, कारण उन्हाळ्यात ताप आणणारा मानला गेलेला व्याध तारा ग्रीकांकडे ‘कुत्रा’ म्हणून ओळखला जाई. तो आपला आणि परका असा भेदही काटेकोरपणे करतो. आपला कुत्रा लाडात आला तर शुभ. परका लाडात आला तर कपट. मुस्लिम ताबीर (स्वप्नाचा अर्थ सांगण्याच्या) परंपरेत भुंकणारा कुत्रा म्हणजे हलक्या वृत्तीचा, फारशी ताकद नसलेला शत्रू, असा अर्थ रूढ आहे.

दृष्टांत

महाराष्ट्रात भाविक घरांत कुत्र्याचे स्वप्न या वैद्यकीय चौकटीत क्वचितच वाचले जाते. तिथे शब्दच वेगळा आहे : स्वप्न पडत नाही, ‘दृष्टांत होतो’. दत्तमूर्तीच्या पायाशी असलेले चार कुत्रे म्हणजे चार वेद आणि मागची गाय म्हणजे पृथ्वी, असा अर्थ सांगतात. गुरुचरित्राच्या सात दिवसांच्या पारायणाच्या छापील नियमांत रात्री देवाजवळ जमिनीवर चटई किंवा धाबळी टाकून डाव्या कुशीवर निजावे, असे असते. त्या दिवसांत स्वप्नात कुत्रा आला, किंवा खराच दाराशी येऊन बसला, तर महाराज येऊन गेले असे मानतात आणि त्याला हाकलत नाहीत. खंडोबा हा मार्तंडभैरव. त्याच्याबरोबरही कुत्रा असतो, आणि वाघ्ये स्वतःला खंडोबाचे कुत्रे म्हणवत आले. काळभैरवाचे तर तो वाहनच. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे ‘कोरडी खाऊ नको’ म्हणत तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव प्रत्येक मराठी घराला ठाऊक आहेत. अशा घरात वाढलेल्या माणसाच्या स्वप्नात कुत्रा भाकरी पळवून नेतो, तेव्हा त्याला ‘चोरीचे भय’ असे फळ सांगणे अडाणीपणाचे आहे.

उलट बाजूने, भाषेतला कुत्रा अपमानाचाच आहे : कुत्र्याच्या मौतीने मरणे, कुत्र्यासारखे राबणे, कुत्रे हाल न खाणे, धोब्याचे कुत्रे घरचे ना घाटचे. स्वप्ने भाषेवर पोसली जातात. कामावर अपमान गिळणाऱ्याला साखळीचा कुत्रा दिसला, तर अर्थ शोधायला ग्रंथ उघडण्याची गरज नाही.

ख्रिस्ती परंपरेतले एक स्वप्न गोव्याशी जोडलेले आहे. संत डॉमिनिक (जन्म ११७०च्या सुमारास, स्पेन) पोटात असताना त्याच्या आईला स्वप्न पडले, की तोंडात पेटती मशाल धरलेला कुत्रा आपल्या उदरातून बाहेर पडून जग उजळतो आहे, अशी कथा आहे. मशालवाला कुत्रा पुढे डॉमिनिकन संघाचे चिन्ह झाला. हा संघ १५४८मध्ये गोव्यात आला.

अर्थ लावताना होणाऱ्या चुका

सर्वांत मोठी चूक म्हणजे शकुन आणि स्वप्न यांची सरमिसळ. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत कुत्र्याच्या हालचालींवर स्वतंत्र अध्याय आहे, पण तो जागेपणी दिसणाऱ्या कुत्र्याबद्दल. ‘कुत्रे रडले की गावात कोणीतरी जाते’ हाही जागेपणीचाच शकुन. बाजारातल्या स्वप्नफलाच्या पुस्तिका दोन्ही याद्या एकत्र करतात, म्हणून एकाच पानावर परस्परविरोधी फळे सापडतात.

दुसरी चूक वेळेची. पुराणांच्या रूढ गणिताप्रमाणे पहिल्या प्रहरातल्या स्वप्नाचे फळ वर्षभरात, दुसऱ्यातल्याचे सहा महिन्यांत, तिसऱ्यातल्याचे तीन महिन्यांत आणि अरुणोदयाच्या वेळचे दहा दिवसांत मिळते. चौथ्या प्रहराबाबत पाठ बदलतात, कुठे पंधरवडा तर कुठे महिना. प्रहर साधारण तीन तासांचा. पहाटेची स्वप्ने ‘खरी होतात’ या समजुतीचे मूळ इथे आहे. प्रत्यक्षात स्वप्नांनी गजबजलेली आरईएम झोप (हिचा शोध १९५३मध्ये प्रसिद्ध झाला) रात्रीच्या शेवटच्या भागात लांबत जाते आणि जाग येताना पडलेले स्वप्न सहज लक्षात राहते. पहाटेची स्वप्ने जास्त आठवतात, म्हणून जास्त ‘खरी’ ठरतात.

तिसरी चूक प्राण्याच्या नावावरच थांबण्याची. मनोविश्लेषक फ्रॉइडने १९१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका रशियन रुग्णाच्या हकिकतीत त्याला स्वप्नात अक्रोडाच्या झाडावर सहा-सात पांढरे लांडगे बसलेले दिसतात. त्यांच्या शेपट्या कोल्ह्यासारख्या आणि कान कुत्र्यासारखे ताठ. स्वप्नातला प्राणी बऱ्याचदा असा मिश्र असतो. म्हणून ‘कुत्रा होता’ एवढ्यावर न थांबता उठल्याउठल्या कान, रंग, आवाज आणि आपली जागा टिपून ठेवावी. पाच मिनिटांनी आठवते ते बरेचसे आपणच भरलेले असते.

शांती आणि उपाय

सुश्रुताचा क्रम साधा आहे. असे स्वप्न कोणाला सांगू नये. पहाटे उठून उडीद, तीळ, लोखंड, सोने यांचे दान करावे, गायत्री जपावी. पहिल्या प्रहरात स्वप्न पडले तर शुभ चिंतन करून पुन्हा झोपावे. तीन रात्री देवळात राहावे. भागवताच्या आठव्या स्कंधात गजेंद्रमोक्षाचे पठण दुःस्वप्न शमवते असे सांगितले आहे. अनेक घरांत तेच म्हणतात. काळ्या कुत्र्याला तेल लावलेली भाकरी-पोळी घालण्याची चालही आहे. घालायची तर नुसती घालावी. कांदा-लसणाची भाजी, मनुका, चॉकलेट कुत्र्याला विषारी असतात.

कुत्रा खरोखर चावल्यानंतर महिनोन्‌महिने तेच स्वप्न पडत असेल, तर ‘इमेजरी रिहर्सल’ ही पद्धत वापरतात. स्वप्न कागदावर लिहायचे, त्यात आपल्याला हवा तो बदल करायचा (कुत्रा थांबतो, फाटक लागते, कोणी हाक मारते) आणि नवे रूप रोज दिवसा १० ते २० मिनिटे मनात पाहायचे. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नापासून केली तर ती फसू शकते, हलक्यापासून करावी. अंगावर खरा ओरखडा किंवा दाताची खूण दिसली, तर मात्र स्वप्नाचा विचार बाजूला ठेवून जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी लस सुरू करावी.

कुत्र्याच्या एका स्वप्नाकडे आजचे वैद्यकही पूर्वरूप म्हणून पाहते. साधारण पन्नाशीनंतर, विशेषतः पुरुषांत, जनावर किंवा माणूस अंगावर येतो आहे असे स्वप्न पडते आणि माणूस झोपेतच लाथा मारतो, ओरडतो, शेजारी झोपलेल्याला तडाखा देतो. एरवी आरईएम झोपेत स्नायू लुळे असतात. इथे ते लुळे पडत नाहीत. १९८६मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा येथील डॉक्टरांनी या विकाराचे रीतसर वर्णन केले. पार्किन्सन किंवा त्याच जातीच्या आजाराची तो कित्येक वर्षे आधीची सूचना असू शकतो; काही औषधांमुळेही तो होतो. अशा घरात पलंगाजवळच्या टोकदार वस्तू हलवाव्यात, खाली गादी टाकावी, मोबाइलवर झोपेचे चित्रण करावे आणि ते घेऊन मेंदूविकारतज्ज्ञाकडे जावे. विकाराचे निदान झोपेच्या चाचणीने होते. चित्रण करणाऱ्याने रुग्णाला हलवून उठवू नये. अंतरावरून नावाने हाक मारावी, कारण त्या क्षणी रुग्णाच्या लेखी अंगाला हात लावणारा तो कुत्राच असतो.