नशा वेगळी, लबाडी वेगळी

मे 2025 मधली सकाळ. नाशिकच्या गंगापूर रोडला, मैदानाजवळच्या टपरीवर एका काकांनी पेपरातली दक्षिण आफ्रिकेचा वेगवान गोलंदाज कागिसो रबाडाची बातमी वाचली आणि पेपर बाकावर आपटला. "डोपिंगमध्ये सापडला, आणि महिन्याभरात परत आयपीएलला मोकळा? आमच्या पोरींनी चुकून सर्दीची गोळी घेतली तर वर्षं वाया जातात!"

काकांची तळमळ खरी होती. गल्लत एवढीच, की 'ड्रग्ज' या एका शब्दात आपण दोन गोष्टी कोंबतो. स्टेरॉइड घेणारा स्नायू वाढवून प्रतिस्पर्ध्याला फसवतो. मुद्दाम घेतलं तर चार वर्षं बंदी. कोकेन, हेरॉइन, एक्स्टसी आणि गांजातला नशा आणणारा घटक टीएचसी यांना 'वाडा' या जागतिक डोपिंगविरोधी संस्थेने 2021 पासून वेगळं काढलंय. स्पर्धेबाहेर घेतलं आणि खेळ सुधारण्याशी संबंध नव्हता, तर तीन महिने बंदी. उपचार पूर्ण केले तर एक महिना. रबाडाची बंदीही महिन्याचीच होती.

गांजाने वेग वाढतो का? उलट नाडी वाढते, हातापायांचा मेळ बिघडतो, दमही लवकर लागतो. तरी 'वाडा'ने तो यादीत ठेवलाय, तब्येतीला धोका आणि खेळभावना या दोन निकषांवर. अमेरिकेची शकॅरी रिचर्डसन 2021 मध्ये 100 मीटरची निवड चाचणी 10.86 सेकंदांत जिंकली, आणि टीएचसीमुळे तिचं टोकियो ऑलिंपिक हुकलं. जन्मदात्या आईच्या मृत्यूची बातमी नुकतीच कळली होती, असं तिने सांगितलं. मला ती शिक्षा आजही पटत नाही. कोकेनचं मात्र हसण्यावारी नेऊ नये. ते हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळतं, आणि पळताना हृदयाला नेमकं तेव्हाच जास्त रक्त लागतं.

आपली मापंही बघा. सिंहस्थात साधूची चिलीम दिसली की आपण हात जोडतो. वाइन तर नाशिकची ओळख. दारू 2018 मध्ये 'वाडा'च्या यादीतून पूर्ण निघाली. खेळाडूच्या गांजाला मात्र आपण थेट 'कलंक' म्हणतो.

टपरीवर बूट बांधत बसलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, शिवरात्रीला घरी भांगेची थंडाई असते. ती चालते?"

अमली पदार्थांच्या 1985 च्या कायद्यात भांगेचं नुसतं पान गांजाच्या व्याख्येत येत नाही. पण प्रयोगशाळा पान आणि बोंड ओळखत नाही, टीएचसीचे अवशेष मोजते. 2013 मध्ये लघवीतली मर्यादा दर मिलिलिटरला 15 वरून 150 नॅनोग्रॅम झाली, म्हणून जुना, किरकोळ अंश आता सहसा अडकवत नाही. तरी टीएचसी चरबीत मुरतं. नेहमी घेणाऱ्याच्या लघवीत त्याचे अवशेष काही आठवडेही सापडतात.

"मग स्पर्धेच्या किती दिवस आधी बंद करायची?"

मी तिला आकडा दिला नाही. प्रत्येकाची चरबी वेगळी आणि घरच्या वाटणात टीएचसी किती उतरलं, ते कोणी मोजत नाही. तिला म्हटलं, तुझा पेला आईला बिनभांगेचा काढायला सांग.