सरणातली उष्णता जाते कुठे?

2027 च्या सिंहस्थामुळे गोदावरीच्या स्वच्छतेचा विषय निघाला की दहन बरे की दफन, हा वादही निघतो. दहनाने झाडे जातात, दफनाने जमीन अडते, एवढे बोलून तो संपतो. हिशेब कुणी मांडत नाही.

60 किलोच्या देहात साधारण 35 लिटर पाणी असते. त्याची वाफ करायला सुमारे 90 मेगाज्यूल उष्णता लागते. सुकलेले लाकूड किलोमागे 15 मेगाज्यूल देते, म्हणजे पाण्यापुरते सहा किलो लाकूड पुरावे. पाणी उडाल्यावर देहातली चरबी स्वतःच जळू लागते. 10 किलो चरबीतून पावणेचारशे मेगाज्यूल मिळतात. तरीही सरणाला 300 किलो लाकूड लागते. ते 4500 मेगाज्यूल झाले!

यातली बहुतेक उष्णता देहापर्यंत पोचतच नाही. काही प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात, चहूबाजूंना निसटते, म्हणून पेटल्या चितेजवळ उभे राहवत नाही. बरीच गरम वायूंबरोबर वर जाते. त्यातही मोठे नुकसान जमिनीला टेकलेल्या सरणात होते. लाकूड तापले की त्यातून ज्वलनशील वायू निघतात आणि ज्वाला असते ती या वायूंची. त्यांना पुरेसे तापमान आणि पुरेशी हवा एकाच वेळी मिळाली नाही, तर ते न जळताच धूर होऊन जातात. धूर म्हणजे वाया गेलेले सरपण. पावसाळ्यात लाकडात 40 टक्के पाणी असेल, तर 300 किलोंमधून 120 लिटर पाणी चितेवर चढते, देहातल्या पाण्याच्या तिपटीहून जास्त. मग लोक रॉकेल ओततात, टायर टाकतात, आणि हवेत काजळी व गंधकाचे वायू मिसळतात.

उपाय साधा आहे. सरण फूटभर उंच लोखंडी जाळीवर रचावे, खालून हवेला वाट ठेवावी, बाजूंना आडोसा करावा, बारीक फाटी खाली आणि जाड ओंडके वर. दीडशे ते दोनशे किलोंत काम होते. विद्युतदाहिनीत आधी आतल्या विटा तापवाव्या लागतात. दिवसाला एकच अंत्यविधी असेल तर बरीच वीज विटांवरच जाते. लागोपाठ अंत्यविधी असतील तिथे ती फायद्याची. पण वीज एकलहऱ्यासारख्या कोळशाच्या केंद्रातून येते, तेव्हा तिला निर्धूर म्हणणे ही जाहिरात झाली.

कार्बनच्या हिशेबात साध्या कफनातले दफन सरस ठरते, अट मातीची. नाशिकच्या काळ्या मातीतली चिकणमाती पावसात फुगते, छिद्रे बुजतात, प्राणवायू तुटतो. अशा मातीत चरबीचा मेणासारखा थर होऊन तो वर्षानुवर्षे टिकतो, आणि जागा पुन्हा वापरायला खोदली की अडचण होते. निचऱ्याची मुरमाड माती बरी, मात्र खड्ड्याचा तळ आणि भूजल यांमध्ये मातीचा चांगला थर हवा. भेगाळ कातळ लागला तर पाझर थेट विहिरीत जातो. फार खोल पुरणेही चूक, कारण कुजवणारे जीवाणू वरच्या थरात जास्त असतात. पॉलिश केलेली पेटी हे सगळे लांबवते. ‘मीठ टाकले की लवकर कुजते’ ही समजूत तर नेमकी उलटी आहे: मीठ पाणी ओढून जीवाणूंना रोखते, म्हणूनच खारवलेली मासळी टिकते.

रामकुंडात अस्थी काही तासांत विरघळतात, असेही सांगितले जाते. श्रद्धेचा आदर ठेवूनच सांगायला हवे की जळलेले हाड म्हणजे कॅल्शियम फॉस्फेट, आणि ते साध्या पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. आगीत ठिसूळ झालेल्या हाडाचा चुरा होतो, तो गाळात बसतो आणि पुरात पुढे वाहतो. त्यापेक्षा राख व अस्थींचा मोठा भाग झाडाच्या आळ्यात थोडाथोडा, मातीत नीट मिसळून घालावा. एकदम ढीग घातला तर राखेतला क्षार मुळे जाळतो.

आणि दहनाआधी डॉक्टरांकडून पेसमेकर काढून घ्यायलाच हवा. त्यातली बॅटरी आगीत फुटते. बंद दाहिनीत विटांचे अस्तर तडकते, उघड्या चितेजवळ माणसे जखमी होऊ शकतात.