खरारा

घोड्याच्या अंगावरची वाळलेली माती, कोंडा, घामाची पुटे आणि गळते केस मोकळे करण्याचे दातेरी साधन. या साधनाने अंग घासण्याच्या कामालाही खरारा म्हणतात. जुन्या पद्धतीचा खरारा लोखंडी असतो. पंजात मावेल एवढ्या पत्र्यावर बोथट दात्यांच्या समांतर ओळी असतात आणि मागे लाकडी मूठ किंवा हात अडकवायला पट्टा असतो. आता रबरी आणि प्लास्टिकचे खरारेही सर्रास वापरतात.

मान, खांदा, बरगड्या आणि पुठ्ठे अशा मांसल भागांवर खरारा गोल गोल फिरवतात. त्यामुळे तळातली घाण वर येते. मग ती केसांच्या दिशेने ब्रश मारून झटकायची. तोंड, कणा आणि गुडघ्याखालचे पाय यांवर लोखंड चालवू नये, कारण तिथे हाडावर जेमतेम कातडी असते. इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात ग्रीक लेखक झेनोफन यानेही हेच बजावले होते : डोके हाडाळ, ते लोखंडाने वा लाकडाने न घासता पाण्याने धुवावे, आणि कण्यावर हाताखेरीज काही लावू नये.

खरे तर लोखंडी खराऱ्याचे निम्मे काम घोड्यावर नसून ब्रशवर असते. मोतद्दार, म्हणजे घोड्याची निगा राखणारा, एका हातात ब्रश, दुसऱ्यात खरारा धरतो; ब्रशचे चार-पाच हात मारले की ब्रश खराऱ्याच्या दात्यांवरून ओढतो आणि खरारा जमिनीवर आपटून धूळ झाडतो. नाजूक कातडीच्या घोड्याला रबरी खराराच बरा. हात जड पडला की घोडा कान मागे पाडतो, अंग चोरतो. नेमक्या जागी मात्र तो सुखावतो : मान पाठीला मिळते त्या उंचवट्याशी खाजवले असता घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात. घोडे एकमेकांना खाजवतात तेही बहुधा तिथेच.

खोगीर आणि तंग (खोगीर आवळणारा पोटाखालचा पट्टा) बसतो ती जागा स्वच्छ नसेल तर वाळलेल्या चिखलाचे कण घासून जखमा होतात. म्हणून स्वारीपूर्वीचा खरारा टाळता येत नाही. जखम, सूज, गोचीडही याच वेळी हाताला लागतात. हिवाळ्यात उघड्यावर राहणाऱ्या घोड्याला मात्र फार रगडू नये, नाहीतर ऊब देणारा आणि पावसापासून बचाव करणारा केसांतला तेलकटपणा निघून जातो. दिवस मोठा होऊ लागला की हिवाळी केस झडतात, तेव्हा खराऱ्याला सर्वाधिक काम पडते.

गजकर्णासारखे त्वचारोग खराऱ्यातून एका घोड्याकडून दुसऱ्याकडे जातात. त्यामुळे प्रत्येक घोड्याचा खरारा वेगळा ठेवतात आणि तो वेळोवेळी धुऊन वाळवतात.